पंचवीस टक्क्यांचा ‘आपला माणूस’

माझ्या खालूंच्या जियारतीच्या दिवशी, म्हणजे दफनाच्या तिसऱ्या दिवशी, मांडवाच्या कडेला एक माणूस चहा पीत बसला होता. तो नात्यातला नव्हता, मोहल्ल्यातलाही नव्हता. फातिहा झाल्यावर त्याने माझ्या मामूंच्या हातात एक कार्ड ठेवले आणि हळू आवाजात म्हणाला, “भाभी को बोलो फिकर ना करें. वकील साब अपनेइच हैं. एक रुपया नहीं लगेगा, जो आएगा उसमें से देना.”

मामूंनी त्याला दुआ दिली. मीही मनातल्या मनात दिली. परक्या शहरातल्या सरकारी दवाखान्याच्या आवारात, पोलीस ठाण्याच्या पायरीवर तीन दिवस फिरताना आम्हाला कुणी नीट विचारले नव्हते. हा निदान घरी आला होता, सलाम करत होता आणि ‘अपने’ म्हणत होता.

ही गोष्ट फेब्रुवारी 2018 ची. खालू 38 वर्षांचे होते, मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी गॅरेजवर मेकॅनिक. रात्री काम आटोपून मोटारसायकलवर घरी येताना मागून ट्रकने उडवले. मागे खाला, तीन लेकरे आणि खालूंची म्हातारी अम्मी. 2021 मध्ये लोकअदालतीत 11 लाखांवर समझोता झाला. वकील साहेबांनी ठरल्याप्रमाणे 25 टक्के, म्हणजे 2 लाख 75 हजार घेतले. कार्डवाल्याने धावपळीचे म्हणून 40 हजार घेतले. खालाच्या हाती 7 लाख 85 हजार आले आणि आम्ही सगळ्यांनी अल्हमदुलिल्लाह म्हटले.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या हिशेबातल्या चुका शोधणे हे माझे काम. तरी घरातला हा हिशेब मी चार वर्षे तपासला नाही. गेल्या वर्षी खालाच्या कपाटातून ती फाइल काढली, दोन रात्री वाचली आणि तेव्हापासून झोप नीट लागत नाही. हा लेख त्या फाइलबद्दल आहे. तो एका वकिलाविरुद्ध नाही. त्याला ‘आपला माणूस’ म्हणून डोक्यावर घेणाऱ्या आपल्या सगळ्यांविरुद्ध आहे.

हिशेब कसा होतो?

अपघाती मृत्यूची भरपाई न्यायाधीशाच्या मर्जीवर ठरते, अशी आपल्याकडे समजूत आहे. प्रत्यक्षात हे गणित जवळजवळ सूत्रात बसवलेले आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2009 च्या सरला वर्मा निकालात वयाप्रमाणे गुणकांचा तक्ता दिला. 15 ते 25 वयाला 18, 36 ते 40 ला 15, 51 ते 55 ला 11, असा तो उतरत जातो. मृताचा स्वतःवरचा खर्च किती वजा करायचा तेही त्यात आहे. लग्न न झालेल्याचा निम्मा, अवलंबून माणसे दोन-तीन असतील तर एक तृतीयांश, चार ते सहा असतील तर एक चतुर्थांश. पुढे 31 ऑक्टोबर 2017 च्या प्रणय सेठी निकालात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितले की, माणूस जगला असता तर त्याची कमाई वाढली असती, ती वाढही धरली पाहिजे. कायम नोकरीवाला 40 वर्षांखालचा असेल तर 50 टक्के. स्वतःचा धंदा करणारा किंवा ठराविक पगारावर राबणारा असेल तर 40 टक्के.

आता खालूंचा हिशेब मांडू. गॅरेजची मजुरी आणि संध्याकाळी दारात केलेली दुरुस्ती मिळून महिन्याला 15 हजार येत. त्यात 40 टक्के मिळवले की 21 हजार. पाच माणसे अवलंबून, म्हणून एक चतुर्थांश वजा, उरले 15 हजार 750. वर्षाचे 1 लाख 89 हजार. गुणक 15. एकूण 28 लाख 35 हजार. वर पती, बाप आणि मुलगा गमावल्याचे प्रत्येकी 40 हजार, दफनविधीचे 15 हजार, मालमत्तेच्या हानीचे 15 हजार आणि रकमेवर व्याज वेगळेच.

फाइलमधल्या अर्जात खालूंचे उत्पन्न लिहिले आहे 9 हजार. हुद्दा, ‘मजूर’. गॅरेजमालकाची साक्ष नाही, त्याची वही जोडलेली नाही, खालाच्या बचत गटाच्या हप्त्यांची नोंद नाही. भविष्यातल्या वाढीचा एक शब्द नाही, आणि हा अर्ज प्रणय सेठी निकालानंतर पाच महिन्यांनी दाखल झाला आहे. 9 हजार, वाढ शून्य, गुणक 15 असे केले की 12 लाख 15 हजार येतात. त्यातून ‘लवकर मिटवायचे’ म्हणून लाखभर सोडले की 11 लाख.

न्यायाधिकरणाने आमचे 15 हजार जसेच्या तसे मान्य केले असतेच, असे मी म्हणत नाही. 12 हजार धरले असते तरी रक्कम 22 लाखांच्या वर गेली असती. माझी तक्रार एवढीच आहे की मागितलेच नाही. जो आकडा अर्जात आलाच नाही, तो कोणत्या न्यायाधीशाने द्यायचा?

टक्केवारी बेकायदा आहे, हे आपल्याला कुणी सांगितले?

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या आचारनियमांतला 20 वा नियम स्पष्ट आहे. निकालावर अवलंबून फी ठरवायची नाही आणि मिळालेल्या रकमेत वाटा घ्यायचा नाही. 36 व्या नियमाप्रमाणे दलाल पाठवून काम मागायचे नाही. 2023 च्या दुरुस्तीने अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टमध्येच दलालांविरुद्ध कलम आले आहे, त्यात तीन महिन्यांपर्यंत कैदही आहे. म्हणजे जियारतीच्या मांडवात आम्हाला जे दोन शब्द इतके गोड लागले, ‘आधी काही नको’ आणि ‘आल्यावर द्या’, ते दोन्ही गैरवर्तनात मोडतात.

यावर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे, आणि तो मोटार अपघाताच्या दाव्यातूनच आला आहे. बी. सुनीता विरुद्ध तेलंगण राज्य, 5 डिसेंबर 2017. नवरा अपघातात गेलेली एक बाई. वकिलाने तिच्याकडून 10 लाख फी घेतली, तरी पोट भरले नाही, आणखी 3 लाखांचा चेक लिहून घेतला. तो वटला नाही तेव्हा तिच्यावरच चेक न वटल्याची फौजदारी केस टाकली. न्यायालयाने ती केस रद्द केली. भरपाईच्या टक्केवारीत फी मागणे हे सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे आणि तो करार टिकत नाही, असे सांगितले. तालुका कोर्टाच्या आवारात वावरणाऱ्या किती वकिलांना हे ठाऊक नसेल? तरीही दर ठरलेले आहेत, 20, 25, कुठे 30, आणि ते भाजीच्या भावासारखे उघड बोलले जातात.

माझे वकील मित्र चिडून सांगतात, “तुला बोलायला काय जाते? अशिलाकडे झेरॉक्सचे पैसे नसतात. केस पाच वर्षे चालते. डॉक्टरची साक्ष, तारखा, प्रवास, सगळे आम्ही खिशातून करतो. टक्केवारी बंद केलीस तर गरिबाची केस घेईल कोण?”

हा मुद्दा खोटा नाही. खालाकडे 2018 साली फी द्यायला खरेच काही नव्हते. पण मग त्या पद्धतीने गरिबाचे भले होते का, हेही तपासू. ज्या वकिलाकडे अशा 200 फाइली आहेत, त्याला एका फाइलमागे आज अडीच-पावणेतीन लाख मिळत असतील, तर चार वर्षे साक्षीपुरावे करून सात लाख मिळवण्यात त्याला काय रस? त्याचा फायदा फाइली लवकर मिटवण्यात आहे. खालाचा फायदा तिची फाइल नीट लढवण्यात होता. ‘तुमचे जास्त तर माझे जास्त’ हे ऐकायला बरोबर वाटते, पण त्यात वेळेचा हिशेब धरलेला नसतो. विमा कंपनीच्या वकिलाला हे पक्के माहीत असते, म्हणून तो लोकअदालतीच्या दिवशी बरोबर तेवढाच आकडा टाकतो.

आणि लोकअदालतीत सही केली की मागे फिरता येत नाही. तो निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. खालाला हे सही करून घरी आल्यावर कळले. लोकअदालत वाईट नाही. पण आपल्या हक्काची रक्कम किती, हे माहीत नसलेल्या माणसाने तिथे सही करू नये.

फीचा दुसरा रस्ता कायद्यात आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987, कलम 12. स्त्री, मूल आणि अपंग व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयातच त्याचे कार्यालय असते, 15100 हा मदतीचा क्रमांक आहे. खाला पहिल्या दिवसापासून या हक्काची मालकीण होती. आमच्या खानदानात दोन इंजिनिअर, एक फार्मासिस्ट आणि एक मुख्याध्यापक आहेत. आमच्यापैकी एकालाही हे माहीत नव्हते. तिथे नेमलेला प्रत्येक वकील मनापासून लढेल, अशी हमी मी देत नाही. पण त्याचे काम नीट नसेल तर बदलून मागता येते. त्याला वाटा मात्र द्यावा लागत नाही.

आपल्यावर हे जास्त का बेतते?

सच्चर समितीने 2006 मध्येच नोंदवले होते की मुसलमानांत स्वयंरोजगाराचे प्रमाण जास्त आहे आणि पगारी नोकरीचे कमी. मालेगाव-भिवंडीचा यंत्रमाग कामगार, गॅरेजवाला, ट्रकचा ड्रायव्हर-क्लीनर, बेकरीतला कारागीर, हातगाडीवर फळे विकणारा, जरीकाम करणारा. यांच्यापैकी कुणाकडे पगाराची स्लिप असते? ती नसली की अर्जात ‘मजूर’ लिहून किमान वेतनाचा आकडा टाकायचा, ही ठरलेली रीत. सर्वोच्च न्यायालयाने 2021 च्या चंद्रा विरुद्ध मुकेशकुमार यादव या निकालात, एका ट्रकचालकाच्या बाबतीत, सांगितले आहे की पगाराचा दाखला नाही म्हणून किमान वेतन हाच एकमेव मापदंड होत नाही. मालकाची साक्ष, बँकेचे पासबुक, मोबाईलवरचे जमा झालेले पैसे, जड वाहनाचा परवाना, मुलांच्या शाळेची फी, घराचे भाडे, यांवरून माणूस किती कमावत होता हे दाखवता येते. पण हे गोळा करायला दहा फेऱ्या माराव्या लागतात. टक्केवारीवाला एकही मारत नाही.

जखमींचे तर आणखी वाईट. सिव्हिल हॉस्पिटलमधून 40 टक्के अपंगत्वाचा दाखला मिळतो आणि भरपाईही 40 टक्क्यांनीच मोजली जाते. 2010 च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालाने हे चूक ठरवले आहे. शरीराचे अपंगत्व आणि कमाईचे नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डावा हात गेला तरी कार्यालयातला कारकून नोकरी करू शकतो. ड्रायव्हर किंवा सुतार ते काम पुन्हा करू शकत नाही. शिलाई मशीनवर बसणाऱ्या पोराची बोटे वाकत नसतील, तर दाखल्यावर किती टक्के आहेत याला काय अर्थ? त्याची कमाई गेली, हे सांगणे वकिलाचे काम आहे, आणि डॉक्टरला साक्षीला बोलावल्याशिवाय ते सांगता येत नाही.

त्यात आता घड्याळ लागले आहे. 1 एप्रिल 2022 पासून दावा अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांत दाखल करायचा आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, पण त्या भरवशावर कुणी बसू नये. आता आपला हिशेब करा. सहा महिने म्हणजे सुमारे 180 दिवस. इद्दतचे चार महिने दहा दिवस म्हणजे सुमारे 130. ‘इद्दत झाल्यावर बघू’ म्हणणाऱ्या घरात बाईच्या हाती उरतात 50 दिवस. त्या 130 दिवसांत कागद कुणाच्या हातात असतात? दीर, सासरा आणि तो कार्डवाला. गरजेसाठी दिवसा बाहेर पडण्याची मुभा विधवेला हनफी फिक्हच्या जुन्या ग्रंथांतही आहे. वकीलपत्रावर घरी बसूनही सही करता येते. तिला दारात अडवून तिच्या नावाचा कागद परस्पर फिरवण्याची मुभा मात्र कुठल्याच ग्रंथात नाही.

‘मय्यतचा पैसा घेऊ नये’ असे म्हणणारे बुजुर्गही प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. त्यांना अदबीने विचारा, चुकून झालेल्या हत्येबद्दल वारसांना दियत द्यायला कुरआनच्या सूरह निसाने सांगितले आहे, ते कशासाठी? मेलेल्याची किंमत म्हणून नव्हे, मागे राहिलेल्यांचा आधार म्हणून. माफ करायचे असेल तर तो हक्क वारसांचा आहे, शेजाऱ्यांचा नाही. आणि विधवेने पुन्हा निकाह केला तर भरपाई जाते, ही धमकीही खोटी आहे. पुनर्विवाहाने हा हक्क जात नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने 2023 मध्ये सांगितले आहे.

आपले हातही स्वच्छ ठेवू

इथे एक कडू गोष्ट बोलायलाच हवी. खालूंच्या वेळी ट्रक पकडला गेला होता, त्याचा विमा होता. पण जिथे धडक देणारी गाडी पळून जाते किंवा तिचा विमा नसतो, तिथे हाच कार्डवाला म्हणतो, “गाडी बसवून देतो.” म्हणजे विमा असलेली दुसरीच गाडी कागदावर आणायची, एक खोटा साक्षीदार उभा करायचा. उत्तर प्रदेशात असे दावे इतके वाढले की अलाहाबाद उच्च न्यायालयाने 2015 मध्ये विशेष तपास पथक नेमले, आणि नंतर सर्वोच्च न्यायालयालाही त्यात लक्ष घालावे लागले. खोट्या प्रत्येक दाव्यामुळे पुढच्या खऱ्या विधवेकडे संशयाने पाहिले जाते. आपल्यावर अन्याय होतो, हे आपण रोज सांगतो. मग आपल्या फायद्याचे खोटे दिसले की डोळे मिटून घ्यायचे कसे चालेल? पळून गेलेल्या गाडीसाठी कायद्यात वेगळी तरतूद आहे. मृत्यूला 2 लाख, गंभीर दुखापतीला 50 हजार, अर्ज तहसील किंवा प्रांत कार्यालयात. रक्कम थोडी आहे, ती वाढावी म्हणून मोर्चा काढू. पण गाडी बसवणार नाही.

आणि तरुणांनो, आपल्या गाड्यांकडेही बघा. तीन जण एका बाईकवर, विमा संपून दोन वर्षे झालेली, परवाना मित्राचा. उद्या त्या गाडीखाली कुणाचा बाप आला तर त्याच्या लेकरांची भरपाई तुमच्या अब्बांच्या घरावर येईल, आणि ती येणेच इन्साफ आहे.

मग करायचे काय?

पहिले, अपघाताचे कागद ही दलालाची मेहेरबानी नाही, हे लक्षात ठेवा. 2022 च्या नियमांप्रमाणे पोलिसांनी 48 तासांत पहिला अपघात अहवाल आणि 90 दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा आहे. डिसेंबर 2022 मध्ये गोहर मोहम्मद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे पाळण्याचे आदेश दिले आहेत. ठाण्यात जाऊन त्याची प्रत मागा, लेखी मागा. अपघात पुण्यात झाला तरी दावा आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येतो, तेव्हा ‘तिकडचाच वकील लागेल’ हेही ऐकू नका.

दुसरे, वकिलाला चार प्रश्न विचारा. फी किती आणि ती लेखी देणार का? उत्पन्न किती दाखवणार आणि कोणत्या पुराव्यावर? भविष्यातली वाढ किती टक्के धरली? अर्जाची प्रत मला कधी मिळेल? चांगला वकील या प्रश्नांनी रागावत नाही. असे वकील आहेत, ठराविक फी हप्त्याने घेणारे आहेत, आपल्यातले आहेत आणि इतरांतलेही. त्यांच्याकडे गर्दी कमी असते, कारण ते जियारतीला चहा प्यायला येत नाहीत.

तिसरे, रक्कम थेट वारसाच्या बँक खात्यात आली पाहिजे. अडाणी आणि अल्पवयीन वारसांचे पैसे मुदत ठेवीत ठेवा, म्हणजे कुणी लुबाडणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1993 मध्येच सुचवले होते. ‘एफडी मोडून देतो’ म्हणणारा माणूस त्याच लुबाडणाऱ्यांपैकी आहे. पैसे आधीच कापले गेले असतील तर महाराष्ट्र-गोवा बार कौन्सिलकडे तक्रार करता येते.

चौथे आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचे: हे काम आपण करायचे आहे. एलएलबी करणारी पोरे-पोरी आपल्याकडे आता कमी नाहीत. सगळ्यांना हायकोर्टात, घटनेच्या मोठ्या खटल्यांत उभे राहायचे असते. राहा, जरूर राहा. पण तालुक्याच्या कोर्टात एका गॅरेजवाल्याचे खरे उत्पन्न सिद्ध करणे हेही नागरिकत्वाचेच काम आहे. ज्यांना कायदा येत नाही, त्यांनी आकडेमोड करावी, कागद गोळा करावेत, सिव्हिल हॉस्पिटलमध्ये बसावे. वर दिलेला हिशेब करायला मला मोबाईलवर पाच मिनिटे लागली. ती पाच मिनिटे मी 2018 मध्ये दिली नाहीत.

मशिदीच्या फलकावर जकातीचे आवाहन लागते, निकाहाचे कार्ड लागते. त्याच्या शेजारी 15100 हा क्रमांक लावायला कुणाचा फतवा लागत नाही. जियारतीला कार्डवाला येण्याआधी मोहल्ल्यातला एक शिकलेला मुलगा त्या घरी गेला, एवढे जरी झाले तरी पुष्कळ होईल.

खालाला मी हा हिशेब दाखवला. तिने बराच वेळ कागद हातात धरला आणि विचारले, “बेटा, अब कुछ हो सकता क्या?” मी खरे ते सांगितले, की तुझ्या सहीचा निवाडा अंतिम आहे. तिने कागद घडी घालून फाइलमध्ये परत ठेवला आणि म्हणाली, “फिर जिसका हो सकता, उसका देख.”

म्हणून हे लिहिले.